कारभाऱ्याची बैठक

"पण बुवा, आवडलं की नाही, तेवढं तरी सांगाल ना?"

विश्वंभरचं हे सकाळपासून चाललं होतं. मठाचे बुवा खिडकीशी उभे, नजर बाहेर गोठ्याकडे.

मी ताकाचे पेले घेऊन दारात. आत जावं की परत फिरावं, कळेना. मठाची कोठी मी सांभाळते, मला कचेरीत शिरायला कुणाची भीती? पण त्या दिवशी विश्वंभरचा चेहरा बघवत नव्हता.

हा विश्वंभर कोल्हापुरात बँका, दवाखाने, दुकानं आतून सजवून द्यायचा. नाव होतं म्हणे त्याचं. एक दिवस सगळा धंदा धाकट्या भावाच्या नावावर करून मठात आला, तो राहिलाच. हुशार माणूस, हाताला उरक आहे. पण एका जागी बसेल तर शपथ. पंगतीत आमटी यायच्या आत हा उठून दिवा नीट करून यायचा.

मठाचे जुने कारभारी थकले आणि लेकीकडे राहायला गेले. त्यांची जागा रिकामी पडली. त्यात कचेरीला वाळवी लागलेली, छत गळतंय. बुवांनी विश्वंभरला सांगितलं, "नीट कर." कारभार कुणाकडे देणार, ते काही बोलले नाहीत. विश्वंभरनं मात्र आपल्यालाच असं मनाशी धरलं होतं. न धरून करतो काय? इथे जागा मिळाली नाही तर परत जायचं, म्हणजे स्वतःच उभ्या केलेल्या दुकानात भावाच्या हाताखाली राबायचं.

"नवं लाकूड वीतभर आणलं नाही, बुवा." त्यानं ताकाचा पेला घेतला नि तसाच खाली ठेवला. "ही मांडणी जुन्या पडक्या गोठ्याच्या वाशांची. फरशी जुन्या धर्मशाळेची, उपटून, घासून बसवलीय. काचा शाळेच्या. दिवसा दिवा लावायला नको, उजेड कसा आत घेतलाय बघा."

बुवांनी उजेड बघितला.

"आणि ही बैठक. कारभाऱ्याची. मावशींच्या जुन्या कोठीच्या दारांची केलीय. अस्सल सागवान."

मावशी म्हणजे मी. कोठी पडली तेव्हा ती दारं मी पोती टाकून जपून ठेवली होती. हा घेऊन गेला, तोंडानं विचारलंसुद्धा नाही. पण काम देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू? भिंतीला लागून रुंद बैठक, फळ्या अशा जुळवलेल्या की मध्ये नख जाणार नाही.

बुवा बैठकीवर बसले नाहीत. खाली फरशीवर बसले आणि फळीवरून हात फिरवला.

"दारं सोडवलीस कशी?"

"सहज. एक खिळा नव्हता त्यांत. सगळ्या लाकडी खुंट्या. उलटीकडून ठोकलं की खुंटी बाहेर. एक फळी फुटली नाही."

"कुणी केली होती?"

"कोण जाणे. जुना कुणीतरी सुतार. त्याला जाऊनही जमाना झाला असेल."

"तू येणार हे त्याला कुणी सांगितलं?"

"मला... कळलं नाही, बुवा."

बुवा ताक पीत राहिले. विश्वंभर उठला. खिडकी लावली, परत उघडली. मांडणीवरची धूळ पुसली, जी तिथे नव्हतीच.

"आता मात्र चिंता नाही," तो म्हणाला. "खुंट्यांची भानगडच ठेवली नाही मी. आतून गोंद, वरून खिळे. खिळ्यांची डोकी खोल ठोकून त्यावर भुसा आणि गोंद भरलाय. पाय फरशीत सिमेंटनं पक्के. पिढ्या गेल्या तरी ही बैठक कुणी हलवू शकणार नाही."

"कुणीच?"

"कुणीच नाही."

"बरं," बुवा म्हणाले. "त्यातली एक फळी मला काढून दे."

"आत्ता?"

"गोठ्याच्या दाराची खालची फळी कुजलीय. ओढ्यात बिबट्याचे ठसे दिसलेत. आत वासरं आहेत."

खोटं नव्हतं ते. ठसे मीही बघून आले होते.

"मी बाजारातून नवी आणतो."

"उद्या आणशील. आज काय करू?"

विश्वंभरनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं पटाशी आणि हातोडी आणली. कुठून सुरुवात करावी तेच त्याला उमजेना. बोटांनी चाचपत राहिला. आपणच मारलेले खिळे त्याला सापडेनात. चिडला, बाहेर गेला आणि पहार घेऊन आला.

"सावकाश रे बाबा," मी म्हटलं.

ऐकतोय कसला. फटीत पहारेचं टोक घातलं आणि अंगातलं सगळं बळ लावलं.

फळी निघाली नाही. मधोमध फुटली. अर्धी त्याच्या हातात, अर्धी बैठकीला चिकटून.

माझा दारांचा राग कुठल्या कुठे गेला. तो तुकडा मांडीवर घेऊन विश्वंभर फरशीवर बसला, आणि हलेना. एरवी घडीभर न टेकणारा माणूस. मला त्याचीच धास्ती वाटली.

बुवांनी तुकडा उचलून पाहिला.

"आखूड झाली," ते म्हणाले. "आज वासरं इथेच बांधू."

"इथे? कचेरीत?"

"ह्या दाराच्या फळ्या शाबूत आहेत."

बुवा स्वतः गोठ्यात गेले. मी मागून गेले, दोन वासरं मी ओढली, दोन त्यांनी. आत येताच एकानं धर्मशाळेच्या घासलेल्या फरशीवर धार सोडली. मला हसू आलं, पण विश्वंभरकडे बघून गिळलं.

तो भिंतीला टेकून उभा होता. डोळे भरलेले.

"बुवा, एकदाचं सांगून टाका. ह्या बैठकीवर मी बसायचं की नाही? नसेल बसायचं तर तसं सांगा, सकाळच्या एसटीनं जातो. पण हे असं टांगून ठेवू नका. मला झोप नाही हो..."

बुवा बैठकीच्या पायाला वासराचं दावं बांधत होते. सुरगाठ मारली, एका टोकाला ओढलं की सुटणारी. ओढून बघितली. सुटली. परत तशीच मारली.

"बस की," ते म्हणाले. "उठता येईल असा बस."