बारा मापटी ज्वारी

एकदा एका विद्यापीठाच्या दारात देशोदेशीची मुले प्रवेशासाठी जमली. कुणाला आत घ्यायचे, हे काम वृद्ध आचार्यांनी आपल्या शिष्यावर सोपवले. शिष्य गणितात पक्का. अशा माणसांना दुसऱ्याला विचारायची सवय नसते, हेच त्यांचे दुखणे.

डोंगरापलीकडच्या देशातून एक मुलगी अकरा दिवस चालत आली होती. तिच्या दाखल्यावर वीसपैकी बारा गुण. शिष्याने जागच्या जागी त्रैराशिक मांडले.

"शंभरात साठ. इथे पंचाहत्तर लागतात, म्हणजे विसात पंधरा. जा बाई घरी."

"अहो, आमच्याकडे बारा म्हणजे..."

"बारा म्हणजे बारा! आकडा काय देश बघून बदलतो?"

"यंदा परत गेले, तर मला पुन्हा कुणी पाठवणार नाही," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.

आचार्य ऐकत होते. त्यांनी ज्वारीचे पोते, दोन सारखी मडकी आणि एक मापटे मागवले. शिष्याला म्हणाले, "तुझ्या गावी मोजतात तशी पंधरा मापटी घाल." शिष्याने एका मडक्यात भराभर ओतली, प्रत्येक मापटे काठाच्या बोटभर खालीच.

"बाळ, आता तू बारा घाल. तुझ्या रीतीने."

मुलीने मापटे भरले, तीनदा हलवले, तळव्याने दाबले, पुन्हा भरले, वर निमुळत्या ढिगाची शीग चढवली, तेव्हा कुठे म्हणाली, "एक."

बारा झाली, तेव्हा तिच्या मडक्यातली ज्वारी शिष्याच्या मडक्यातल्यापेक्षा चार बोटे वर होती.

"ही लबाडी झाली!" शिष्य ओरडला.

"लबाडी कसली रे? मापटे तेच, हात वेगळा. तिकडचा गुरू गुणही असाच देतो, दाबून, शीग लावून. ती पंधरावाल्यांहून हुशार आहे असे मी म्हणत नाही; ते आत आल्यावर कळेल. पण तू आकडा वाचलास आणि भरणारा हात विचारलाच नाहीस. दोन्हीकडचे माप एका रीतीने भरले नसेल, तर तुझे त्रैराशिक काय कामाचे?"

शिष्याने दाखला पुन्हा हातात घेतला. मग मुलीला म्हणाला, "ताई, तुमच्या गावी बारा कितीजणांना मिळाले?"

"मला एकटीला. सहा वर्षांत दहाच्या वर कुणी गेलं नव्हतं. तुम्हाला किती होते?"

"अठरा." तो दारातून बाजूला झाला. "आमच्या गावात सगळ्यांनाच असतात."

दाखला हातात घ्याल, तेव्हा आधी विचारा, हे माप भरले कुणी?