मोगऱ्याची कळी उमलेना!

एक होती मधमाशी. एवढीश्शी! तिचं नाव गुणी. गुणी रोज जास्वंदीच्या फुलातला मध प्यायची. आज बघते तर काय? टप्प! फूल गळून पडलेलं.

"अगंबाई! आता मी काय पिऊ?"

अंबूआत्याच्या अंगणात मोगरा होता. त्याला एक टपोरी कळी आली होती. गुणी निघाली. गुंई गुंई, गुंई गुंई.

"कळीताई, कळीताई, उमल ना!"

कळी म्हणाली, "मी नाही उमलणार. मला लागलीय तहान. झारीनं पाणी घातलं, तर उमलेन."

गुणी गेली झारीकडे. गुंई गुंई, गुंई गुंई.

"झारीताई, झारीताई, पाणी घाल ना!
कळी काही उमलेना,
मला मध मिळेना!"

झारी म्हणाली, "मी नाही घालणार. मला काय पाय आहेत? आत्यानं उचललं, तर घालीन."

गुणी गेली आत्याकडे. गुंई गुंई, गुंई गुंई.

"आत्या, आत्या, झारी उचल ना!
झारी पाणी घालेना,
कळी काही उमलेना,
मला मध मिळेना!"

आत्या म्हणाली, "मी नाही उचलणार. माझ्या चपलेवर बोका झोपलाय. हात लावला की ओचकारतो! तापलेल्या अंगणात काय लंगडी घालू? बोका उठला, तर उचलीन."

गुणी गेली बोक्याकडे. गुंई गुंई, गुंई गुंई.

"बोकोबा, बोकोबा, उठा ना!
आत्या झारी उचलेना,
झारी पाणी घालेना,
कळी काही उमलेना,
मला मध मिळेना!"

बोक्यानं एकच डोळा उघडला. "मी नाही उठणार. चप्पल कशी मऊ मऊ! खार समोरून पळाली, तर उठेन." डोळा मिटला. घुर्र घुर्र.

गुणी गेली खारीकडे. गुंई गुंई, गुंई गुंई.

"खारूताई, खारूताई, पळ ना!
बोका काही उठेना,
आत्या झारी उचलेना,
झारी पाणी घालेना,
कळी काही उमलेना,
मला मध मिळेना!"

खार म्हणाली, "मी नाही पळणार. मी रुसलेय."

"कुणावर गं?"

"ते मी विसरले. पण रुसलेय! मला हसवलंस, तर पळेन."

आता आली का पंचाईत! गुणी दमलेली. पोटात भूक. घाईघाईनं पुन्हा म्हणायला गेली, तर काय झालं?

"बोका काही उमलेना,
कळी झारी उचलेना,
आत्याला मध मिळेना,
झारी लंगडी घालेना!"

"खी खी खी!" खार हसली. "झारी आणि लंगडी?" हसत हसत झाडावरून खाली उतरली. तुरुतुरु, तुरुतुरु, पळाली थेट बोक्याच्या नाकासमोरून!

खार पळाली, बोका उठला. धप्प! तोवर खार झाडावर.
बोका उठला, आत्यानं चप्पल घातली.
चप्पल घातली, झारी उचलली.
झारीनं पाणी घातलं. झुळुझुळु, झुळुझुळु.
मोगरा पाणी प्याला. गटगट, गटगट.

संध्याकाळ झाली. कळी हलली. एक पाकळी उघडली. दुसरी उघडली. आणि कळीचं झालं फूल! पांढरंशुभ्र. घमघम, घमघम!

आत्या आली वास घ्यायला. नाक अगदी फुलाजवळ नेलं.

आतून आवाज आला, "गुंई गुंई! थांब गं आत्या! आधी माझं पोट भरू दे!"

आत्या हसली. थांबली.

गुणीनं मध प्यायला. चुटूक चुटूक. पोटभर!