भरल्या आडाचा अर्थ

देशमुखांच्या ओसरीवर विसूशास्त्री जात्यावरच्या ओव्यांचे अर्थ सांगायला बसले होते. ओव्या म्हणायला वेशीबाहेरच्या वस्तीतली कोंडाई बोलावली होती. तिला अर्थातच अंगणाच्या पार टोकाला उभं केलं होतं.

"भरल्या आडाच्या काठी, घागर माझी कोरडी," ती गायली.

शास्त्र्यांनी डोळे मिटले. "आड म्हणजे काठोकाठ भरलेलं परब्रह्म. घागर म्हणजे अज्ञानी जीव. ब्रह्म समोर असून तो दोर सोडत नाही, म्हणून कोरडा राहतो!"

सभेनं माना डोलावल्या. देशमुखांनी शेला मागवला. शास्त्री हसून म्हणाले, "काय गं, जन्मभर गातेस, पण अर्थ कधी कळला होता का?"

कोंडाईच्या काखेत रिकामी घागर होती. आडाला शिवायची तिला बंदी. कुणीतरी वरून पाणी ओतील म्हणून ती सकाळपासून आडापाशी ताटकळली होती, तिथूनच तिला गायला उठवून आणलं होतं.

"न्हाई जी, आज कळला," ती म्हणाली. "दोर सोडायचा ऱ्हायला, माझंच चुकलं." आणि ती तडक आडाकडे निघाली.

"अगं थांब! आड बाटेल!" शास्त्री ओरडत उठले.

कोंडाई थांबली. "परब्रह्म बाटतं व्हय, महाराज?"

शास्त्री परत बैठकीवर टेकले.

"मंग त्यो निस्ता आडच हाय. आन् माझी घागर कशानं कोरडी, ते हितं समद्यास्नी ठावं हाय."

शेला ठरल्याप्रमाणे शास्त्र्यांनाच मिळाला. पाणी मात्र कोंडाईला त्या दिवशी कुणीच ओतलं नाही.