दुसऱ्याच्या नावाची चिमूट

एक होता राजा. पण तो राहायचा फार लांब, समुद्राच्या पलीकडे, इतका लांब की या गोष्टीत तो येणारच नाही. गोष्टीत येतो तो त्याचा दगडी पुतळा. घाबरू नका, पुतळा काही करत नाही, नुसता चौकात उभा असतो. जे काय करतात ते माणसंच.

तर एकदा काय झालं, राजानं हुकूम काढला. प्रत्येकानं पुतळ्यासमोर यायचं, निखाऱ्यांवर चिमूटभर धूप टाकायचा आणि म्हणायचं, राजा हाच देव. मग तिथला कारकून चिठ्ठी लिहून द्यायचा, की अमक्यानं धूप टाकला. चिठ्ठी असेल तो घरी. नसेल तो तुरुंगात, आणि तिथून पुढे तलवारीखाली.

बहुतेकांनी टाकला, बरं का. चिमूटभर धुपानं काय होतंय. पण त्या गावात थोडी ख्रिस्ती माणसं होती, वीस-पंचवीस असतील. ती पहाटे एका रंगाऱ्याच्या मागच्या खोलीत जमायची, येशूचं नाव घ्यायची, एकच भाकर मोडून सगळ्यांत वाटून खायची आणि हळू आवाजात गायची. ती म्हणाली, राजाला मान देऊ, सारा भरू, पण त्याला देव म्हणणार नाही.

त्यांतलाच एक थिओन. मातीचे दिवे करायचा. त्याची बायको पर्सिस, आणि मुलगी नीसा, चार वर्षांची. थिओन मोठा हसरा. दिव्याची चोच काढताना त्याची जीभ बाहेर यायची, आणि नीसा समोर बसून त्याची नक्कल करायची. पर्सिसला मात्र सगळ्याची भीती. विहिरीची भीती, तापाची भीती, दारावर थाप पडली की भीती. तीही ख्रिस्तीच. प्रार्थना करायची, पण एक कान रस्त्याकडे ठेवून.

मग एक कोळी पकडला गेला. मग एक विणकर. मग आम्मिया नावाच्या म्हाताऱ्या विधवेचा एकुलता एक मुलगा. तिघांनीही धूप टाकला नाही. तिघंही परत आले नाहीत.

आता दिव्यांच्या भट्टीचं असं असतं, की एकदा पेटवली की दोन दिवस तिच्यापासून हलता येत नाही. आच जरा इकडेतिकडे झाली की सगळे दिवे तडकतात. थिओननं भट्टी पेटवली, आणि पर्सिसनं नेमका तो दिवस साधला. नीसाला शेजारी ठेवलं, डोक्यावरून शाल ओढली आणि चौक गाठला.

कारकुनानं विचारलं, नवरा कुठाय.

"भट्टीपाशी. ते सोडून आले तर दिवे फुटतील."

"मग टाक तूच त्याच्या नावानं," कारकून म्हणाला. "राजा काय बोटं बघायला येतोय."

तिनं पहिली चिमूट टाकली, स्वतःच्या नावाची. तिला वाटलं, आता आभाळ कोसळणार. काही कोसळलं नाही. धूर निघाला आणि वर गेला. मग दुसरी चिमूट, नीसाच्या नावाची. तोही धूर वर गेला. मग तिसरी, थिओनच्या नावाची. आणि काय सांगू, तो धूप जळेचना. लालभडक निखाऱ्यांवर पांढरे कण तसेच बसून राहिले, ताटात मीठ वाढावं तसे. पर्सिस गोठली. कारकून खाली मान घालून लिहीत होता. त्यानं तिन्ही चिठ्ठ्या तिच्या हातात दिल्या आणि पुढच्याला हाक मारली.

मी असते तर काय केलं असतं, हे कृपा करून विचारू नका. तुम्हाला शाळेच्या फाटकात सोडून निघताना तीनदा मागे वळून बघणारी बाई मी.

तिसऱ्या दिवशी शिपाई आले. पर्सिसनं चिठ्ठ्या पुढे केल्या. त्यांनी वाचल्या आणि ते निघून गेले. थिओन तेव्हा भट्टीतून दिवे काढत होता. त्याला सगळं कळलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं फक्त विचारलं, धूप कुठून आणलास. ती म्हणाली, तिथेच देतात. तो म्हणाला, हो का. आणि उरलेले दिवे काढू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो रंगाऱ्याकडे गेला. तोवर सगळ्यांना चिठ्ठीचं कळलं होतं. कुणी वाकडं बोललं नाही. फक्त भाकर फिरत आली, आणि त्याच्या शेजाऱ्यानं ती त्याच्या पुढ्यातून पलीकडच्याला दिली. एवढंच.

पर्सिस म्हणाली, "धूप मी टाकला, तुम्ही नाही. देवाला ठाऊक आहे ते."

"देवाला ठाऊक आहे गं," थिओन म्हणाला. "गावाला नाही ना. उद्या दुसऱ्या कुणाला धरतील आणि म्हणतील, थिओननं टाकला, तुलाच काय झालंय."

मग तो चौकाकडे निघाला. पहिल्यांदा निघाला तेव्हा पर्सिस उंबऱ्यात आडवी बसली. तो परत फिरला. दुसऱ्यांदा निघाला तेव्हा नीसा मागोमाग धावत आली आणि म्हणाली, पाय दुखतात, उचलून घ्या. त्यानं उचललं, घरी आणलं, आणि त्या दिवशी तो कुठेच गेला नाही. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा पर्सिस आडवी आली नाही. का, ते मला सांगता येत नाही. मी खूप विचार केलाय. तिनं त्याच्या अंगरख्यावरची माती झटकली, एकदा झटकली, पुन्हा झटकली, आणि बाजूला झाली.

चौकात थिओननं चिठ्ठी पुढे धरली आणि मोठ्यानं म्हणाला, "ही माझी नाही. मी धूप टाकलेला नाही."

कारकून खालच्या आवाजात म्हणाला, "अरे बाबा, तुला कुणी विचारलंय का? मुलगी आहे ना तुला? घरी जा."

थिओननं चिठ्ठी निखाऱ्यांवर टाकली. रोज नवे निखारे घालायचे तिथे, तरी ते पांढरे कण अजून तसेच होते, बरं का. चिठ्ठी पेटली आणि त्या कणांचं पाणी झालं. इतकं पाणी, की निखारे चर्रकन विझले. त्या दिवशी गावात कुणालाच धूप टाकता आला नाही.

शिपायांचा नायक विचारू लागला, मग ही चिठ्ठी नेली कुणी? थिओन गप्प. सगळा चौक गप्प. कारकुनानं आपल्या बोटांवरच्या शाईकडे बघितलं आणि म्हणाला, लिहिताना माझीच चूक झाली. त्या चुकीपायी त्याचं काम गेलं. पर्सिस वाचली.

थिओनला गावाबाहेर नेलं. तलवार एकदाच फिरली. याहून जास्त मी सांगणार नाही. आणि सिंहाच्या तोंडी नाही दिलं रे, या गोष्टीत सिंह नाही.

मग पर्सिस घरात बसून राहिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्मिया आली, रंगाऱ्याकडची भाकर घेऊन. पर्सिस म्हणाली, मला नको. धूप टाकलेला हात आहे हा, या हातानं ती भाकर घेऊ कशी.

आम्मियाला चालून धाप लागली होती. ती आधी नीट बसली. मग म्हणाली, "माझ्या लेकाला अंगणातून नेलं. तो मला हाका मारत होता. मी आतून कडी लावली होती, बाई. काढली नाही. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही."

मग तिनं भाकर मोडली. अर्धी पर्सिसच्या हातात ठेवली, अर्धी आपण घेतली. भाकर वाळलेली होती, खायला वेळ लागला.

मग नीसानं विचारलं, बाबा कधी येणार? पर्सिसला खोटं सांगता आलं असतं. ती म्हणाली, "बाबा येणार नाहीत. ते देवाच्या घरी आहेत. आपणच जायचं त्यांच्याकडे."

नीसा लगेच उठून उभी राहिली.

"आत्ता नाही गं," पर्सिस म्हणाली. "पुष्कळ वर्षांनी. आत्ता नुसते डोळे मिटायचे."

पुढे आम्मिया त्यांच्याच घरी राहायला आली. नीसा मोठी झाली. तिघी रडल्या, भांडल्या, हसल्यासुद्धा. शेवटी सगळे सुखी झाले असं म्हणावं लागतं गोष्टीत, तर झाले, त्यांच्या परीनं.

आता तुम्हीही मिटा. मी बसते इथे थोडा वेळ.