बुरड मोहल्ल्यातली भिक्षा

“...मग आशीर्वाद देताना हात का थांबला, बाईजी?”

मठाच्या ओसरीवर मधुसूदन ढोमणे हात जोडून बसला होता. गावातल्या बँकेचा तो मॅनेजर. समोर मैनाबाई, महानुभाव मठातल्या वृद्ध तपस्विनी. त्याने उपदेश घेतला होता तो त्यांच्याकडूनच.

“पुन्हा सांग,” बाईजी म्हणाल्या. “सत्कार कशाबद्दल?”

मधुसूदनने खुशीत सांगितलं. त्याच्या शाखेचं एकही कर्ज बुडालं नव्हतं. उद्या जिल्ह्याच्या गावी त्याला शाल मिळणार होती, आणि खेड्यापाड्यांत कर्ज कसं द्यावं हे बाकीच्या मॅनेजरांना तोच शिकवणार होता.

“एकही बुडालं नाही?”

“एकही नाही. माणूस पारखून देतो मी.”

“आणि ज्यांना दिलं नाहीस ते?”

“त्यांचं काय, बाईजी? ते तर माझ्या हिशेबातच नाहीत.”

बाईजी उठल्या, खुंटीवरची भिक्षेची झोळी काढली आणि त्याच्या खांद्यावर अडकवली.

“बुरड मोहल्ल्यात जा. भिक्षा मागून आण. एका घरची पुरे.”

मधुसूदनचे कान तापले. सारं गाव त्याला साहेब म्हणून ओळखत होतं. पण गुरूचा शब्द मोडवेना. मान खाली घालून तो भर दुपारी निघाला.

मोहल्ल्यात बहुतेक दारांना कुलपं होती. एकच दार उघडं. दाराशी बोचकी बांधून ठेवलेली, आणि हातात कुलूप घेऊन अंजना उभी.

त्याने तिला ओळखलं. टोपल्या-सुपं विणायला बांबू एकदम घेता यावा म्हणून ती बँकेत कर्ज मागायला यायची. जमीन नाही, जामीन नाही. कर्ज सोडाच, त्याने तिला कधी ‘बस’ही म्हटलं नव्हतं.

तिनेही ओळखलं.

त्याने नुसती झोळी पुढे केली...

अंजनाने झोळीकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. खाली बसून तिने एका बोचक्याची गाठ सोडली.

काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, “कुठे निघालात?”

“वीटभट्टीवर जी. तिकडं तेलंगणात. ठेकेदारानं उचल देल्ली.”

“त्याने जामीन नाही मागितला?”

“नाही जी. तो आमालेच घेऊन चालला.”

फडक्यात भाकर होती, वर लाल मिरचीचा ठेचा. तिने सगळंच झोळीत टाकलं. तो संकोचून मागे सरला तेव्हा ती म्हणाली, “मठाची झोळी हाय म्हणून देल्ली, साहेब. तुमाले नाही.”

मोहल्ल्याच्या तोंडाशी ट्रक येऊन थांबला. तिने दाराला कुलूप घातलं, बोचकी उचलली आणि मागे न बघता चालू लागली.

मधुसूदन झपाझप मठात परतला. झोळी बाईजींपुढे ठेवली.

“मी तिला परत आणतो, बाईजी. आजच मंजूर करतो. ठेकेदाराला फोन लावतो, त्याची उचल फेडून टाकू...”

“आणि बाकीची कुलपं?”

त्याने खिशातून काढलेला फोन हातातच राहिला. दूर रस्त्यावर ट्रकचा आवाज चढला, मग विरत गेला...

बाईजींनी भाकर पानावर काढली आणि त्याच्यापुढे सरकवली.

मधुसूदनने एक तुकडा मोडला. तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिला.

“बाईजी, ही भाकर माझ्याच्यानं खाववणार नाही.”

बाईजींनी पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेवला.

“खा. परत करायला ती आता इथं नाही.”