घडीचे मेज आणि शेजाऱ्याचे कोपर

ज्याने एका इवल्याशा बीजात पाट, पाळणा आणि पालखी आधीच दडवून ठेवली, त्या सृष्टीच्या आद्य कारागिराला, श्रीनारायणाला, प्रथम नमस्कार असो. त्याचे स्मरण करून ही लहानशी कथा सांगतो. ऐकणाऱ्यांनी घटकाभर मन स्थिर करावे.

खाडीकाठच्या एका गावात सुतारांची एक आळी होती. त्या आळीत रघोबा मेस्त्री नावाचा कारागीर राहत असे. पोथी उघडून ठेवण्यासाठी जी घडीची लाकडी ठवणी लागते, ती घडवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. एकच फळी घ्यायची आणि ती अशी चिरायची, की तिची दोन पाने एकमेकांत गुंतलेली राहतील. उघडली की ठवणी, मिटली की पुन्हा फळी. त्यात ना खिळा, ना बिजागरी.

आळीचा एक जुना नेम होता. नव्या घडणीची पहिली वस्तू विकायची नाही. ती लक्ष्मीनारायणाच्या देवळात देवापुढे ठेवायची. मग तेथील पुराणिक अनंतबुवा सात दिवस तिच्यावर पोथी वाचत. या सात दिवसांत वस्तू डगमगली किंवा कुरकुरली, तर आठव्या दिवशी ती चुलीत जाई. बुवा हसून म्हणत, "रघोबा, माझ्या वाचनाने माणसे किती सुधारली ते देव जाणे. तुझ्या ठवण्या मात्र सुधारल्या."

पुढे काळ पालटला. लोकांचे वाचन मोबाइलवर गेले आणि ठवण्यांची मागणी आटली. आळीत पूर्वी अकरा घरी रंधा चालत असे, तो आता चारच घरी चालू लागला. बाकीचे कारागीर शहरात जाऊन इमारतींच्या दारांशी पहारा करू लागले. ज्या हातांनी दारे घडवायची, ते हात दारे उघडू लागले. यंदा नवे काम आले नाही, तर उरलेले चार रंधेही माळ्यावर जाणार, हे आळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. कोणी बोलत नसे इतकेच.

अशा दिवसांत एका विमानकंपनीचे पत्र आले. त्या कंपनीच्या लहान विमानांत काही आसनांपुढे जेवणाचे मेज नव्हते. प्रवाशाला पिशवीतून नेता येईल, मांडीवर मांडता येईल आणि एका हाताने मिटता येईल, असे हलके मेज तिला हवे होते. कारागिरांनी नमुने घेऊन यावे, ज्याचा नमुना पसंत पडेल त्याच्या गावाला सगळे काम मिळेल, असे पत्रात लिहिले होते.

रघोबाने पत्र दोनदा वाचून घेतले आणि म्हणाला, "हे मेज म्हणजे आपल्या ठवणीची धाकटी बहीणच की."

त्याची बायको सुभद्रा तांदूळ पाखडत होती. तिने सूप थांबवले. "अहो, पण तुम्ही विमान पाहिलंय का?"

"रोज पाहतो. आपल्या कौलांवरून तर जातं."

"आतून?"

रघोबा हसला आणि उठून कामाला लागला. त्या प्रश्नाचे उत्तर त्याने दिले नाही, हे लक्षात ठेवावे.

त्याने शिवणीचे हलके लाकूड निवडले. वर मेजाचे पान, खाली ठवणीसारखे गुंतलेले पाय, पेल्यासाठी एक उथळ खळगा आणि कडेला बारीकशी उंच किनार. मग नेमाप्रमाणे ते देवापुढे गेले. बुवा चटईवर मांडी घालून बसले आणि सात दिवस त्यांनी मेजावर पोथी वाचली, पोहे खाल्ले, चहाही घेतला. मेज तसूभर हलले नाही. बुवा म्हणाले, "विमान हललं तरी हे मेज हलणार नाही."

तपासणीच्या आदल्या दिवशी रघोबा एसटीने शहराला निघाला. शेजारच्या आसनावर एक आजी बसली होती. दुपारी भूक लागली तशी रघोबाने भाकरी काढली आणि मोठ्या हौसेने मेज मांडीवर मांडले. आजीने थांब्यावर खिडकीतून चहा घेतला होता. गाडी वळली, रघोबाचे कोपर उचलले गेले आणि अर्धा चहा आजीच्या लुगड्यावर सांडला.

आजीने पदर झटकला. "मेस्त्री, मेज तुमचं झकास आहे. पण ते अर्धं माझ्या मांडीवर आलंय. तुमच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे मी देऊ का?"

रघोबाने क्षमा मागितली. मग तो मेजाकडे पाहतच राहिला. बुवा मांडी घालून बसत. मांडी घातली की गुडघे दोन्हीकडे फाकतात, म्हणून मेजाचे पाय त्याने तेवढे रुंद धरले होते. आसनावर पाय सोडून बसणाऱ्याचे गुडघे जवळ येतात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे असतात. साऱ्या आळीने सात दिवस मेज पारखले होते. पण कोणी बुवांच्या शेजारी बसून पाहिले नव्हते. भाकरी तशीच राहिली. आता नवे मेज घडवण्याइतका वेळही उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोठ्या दालनात सगळे नमुने एका लांब ओट्यावर मांडले होते. कंपनीच्या कर्णिकबाई प्रत्येक मेज उघडून, मिटून पाहत होत्या. शहरातले कारखानदार हेमराजशेठ यांचे चकचकीत धातूचे मेज मिटताना किंचाळले. रघोबाचे मेज पान मिटावे तसे मिटले. बाईंनी त्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि मेज हलवले. थेंबही सांडला नाही.

"मेस्त्री, आम्हाला हे पसंत आहे," बाई म्हणाल्या. "या, सही करा."

त्या क्षणी रघोबाच्या डोळ्यांपुढे आळीतले चार रंधे उभे राहिले. आणि बंद पडलेली सात दारेही. गप्प राहिले की काम मिळत होते. दोष कोणाला दिसलाच नव्हता. त्याने मनोमन नारायणाला विचारले, काय करू. देवाने उत्तर दिले नाही. कारण उत्तर रघोबाला आदल्या दिवशीच एसटीत मिळाले होते.

तो हात जोडून म्हणाला, "बाई, सहीच्या आधी एक सांगायचं आहे. हे मेज वापरणाऱ्याला चांगलं आहे. त्याच्या शेजाऱ्याला वाईट आहे."

हेमराजशेठ हसून म्हणाले, "मेस्त्री, लोक दुसऱ्याच्या मालात खोट काढतात. तुम्ही स्वतःच्याच काढता. मग धंदा चालतो कसा?"

"बेताचाच चालतो, शेठजी," रघोबा म्हणाला.

कर्णिकबाई हसल्या नाहीत. "तुम्ही बोलला नसतात, तर आम्हाला कळलं नसतं."

"तुम्हाला नसतं कळलं, बाई. मधल्या आसनावरच्या माणसाला पहिल्याच दिवशी कळलं असतं."

बाईंनी तीन खुर्च्या आणवल्या आणि त्या एकमेकींना चिकटून लावल्या. मधल्या खुर्चीवर त्या स्वतः बसल्या. एका बाजूला रघोबाला त्याच्या मेजासह बसवले, दुसऱ्या बाजूला हेमराजशेठना. दोन्ही मेजे उघडताच बाईंना कोपर टेकायला जागा उरली नाही. रघोबाने कोपरे आवरून धरली. शेठजींनी पेला उचलला, आणि तो बाईंच्या मांडीवर रिकामा झाला. मग ओट्यावरचे एकेक मेज तसेच पारखले गेले. एकही टिकले नाही. बाई पदराने पाणी टिपत म्हणाल्या, "सर्वांना एक महिना देते. पुढची तपासणी विमानात."

रघोबा गावी परतला, तेव्हा आळीतले वडीलधारे दाजी मेस्त्री ओट्यावर वाट पाहत होते. सगळे ऐकून ते म्हणाले, "दारात आलेली लक्ष्मी तू परत धाडलीस, रघोबा. देवमाणूस आहेस. पण देवमाणसाच्या शेजाऱ्यांनी खायचं काय?"

हा बोल रघोबाला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने देवळाच्या सभामंडपात तीन खुर्च्या शेजारी शेजारी बांधल्या. "दाजी, रागवा, पण मधल्या खुर्चीवर बसून रागवा," तो म्हणाला. दाजी बसले. दोन्हीकडून दोघे मेजे मांडून जेवू लागले. चार घास होतात न होतात, तोच दाजींच्या बरगडीत एक कोपर बसले. दाजींनी बरगडी चोळली. मग म्हणाले, "पटाशी आण."

त्या दिवसापासून चारही घरे एका मेजाला लागली. मेज अरुंद केले तर ताट मावेना. रुंद ठेवले तर कोपर आवरेना. पाय टोकदार ठेवले तर मांडीत रुतत. दाजींनी पायांच्या जागी ठवणीचीच दोन रुंद पाने लावली आणि ती मांडीच्या गोलाईवर बसतील अशी आतून तासली. पण कोपराचा प्रश्न सुटेना. पंधरा दिवस गेले.

एके सकाळी सुभद्रा पुन्हा तांदूळ पाखडत होती. रघोबा तिच्याकडे टक लावून पाहू लागला.

"काय पाहता? तांदूळ तेच आहेत."

"तुझी कोपरं बाहेर का जात नाहीत?"

"कशी जातील? सूप पोटाशी धरलेलं असतं. लांब धरलं की कोपरं पसरतात. हे सांगायला मेस्त्री लागतो का?"

रघोबा उठला. त्याने मेजाच्या पोटाकडच्या कडेला चंद्रकोरीसारखी खाच घेतली. मेज पोटाशी सरकले, ताट जवळ आले आणि कोपरे आपोआप अंगालगत राहिली. पुन्हा नेमाचे सात दिवस आले. या वेळी परीक्षा वापरणाऱ्याची नव्हती, शेजाऱ्याची होती. अनंतबुवा मधल्या खुर्चीवर हातात पोथी घेऊन बसले. दोन्हीकडे माणसे मेजांवर जेवत होती. ज्या दिवशी बुवांचे वाचन अडखळेल, त्या दिवशी मेज चुलीत, असे ठरले होते. सात दिवस वाचन अखंड चालले. एकदाच थांबले, तेही आमटीचा वास आला म्हणून.

महिना पुरा झाला. कंपनीचे लहान विमान परीक्षकांना आणि कारागिरांना घेऊन आकाशात चढले. रघोबा खिडकीशी बसला होता, मधे हेमराजशेठ आणि पलीकडे कर्णिकबाई. एकेक मेज तपासले गेले. शेठजींनी आपले मेज अरुंद केले होते, त्यामुळे त्यावरून ताट घसरले. ते मिटून ठेवून शेठजींनी वर्तमानपत्र उघडले आणि त्यात तोंड घातले. मग रघोबाची पाळी आली. त्याने मेज उघडले, त्यावर जेवण केले, चहा घेतला. विमान ढगांतून जाताना थरथरले. चहाचा पेला खळग्यातच राहिला. शेवटी त्याने एका हाताने मेज मिटले आणि पिशवीत ठेवले.

बाई पुढे वाकून म्हणाल्या, "शेठजी, मेस्त्रींच्या मेजाचा तुम्हाला काही त्रास झाला का?"

हेमराजशेठनी वर्तमानपत्रातून मान वर काढली. "कुठलं मेज? त्यांनी अजून काढलंच कुठे?"

रघोबाने रिकामा पेला दाखवला. मग सारे विमान हसले आणि त्यांत शेठजींचे हसणे सर्वांत मोठे होते. "बाई, मेस्त्रींना सहीला बोलवा," ते म्हणाले. "आणि मेस्त्री, तुमचा धंदा बेताचा राहणार नाही आता."

रघोबाने खिडकीतून खाली पाहिले. उन्हात खाडी चमकत होती. तिच्या काठी कौलांचा एक लहानसा पुंजका होता. त्याने तिथल्या तिथे हात जोडले.

वर्ष सरायच्या आत आळीतल्या अकराही घरी रंधे चालू लागले. शहरात गेलेले सातही जण परत आले. सभामंडपात तीन खुर्च्या कायमच्या ठेवल्या गेल्या, आणि आजही नव्या घडणीची पहिली वस्तू तेथे शेजाऱ्याच्या परीक्षेला बसते. रघोबा विमानातून परत आला त्या दिवशी सुभद्रेने त्याला ओवाळले आणि विचारले, "मग, विमान आतून पाहिलंत?"

"पाहिलं," रघोबा म्हणाला. "आत जागा फार थोडी असते गं. प्रत्येकाने आपलं कोपर आवरलं, तरच सगळे सुखाने पोचतात."

तात्पर्य: आपल्या कामातील दोष जो स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि आपल्या सुखात शेजाऱ्याच्या जागेचा विचार करतो, त्याचे यश एकट्याचे राहत नाही. ते साऱ्या आळीचे होते.

ही कथा ज्यांनी ऐकली, त्यांच्या हातांना काम मिळो आणि कामाला देवाचा आधार मिळो. त्यांच्या घरात जागा थोडी असो वा फार, माणसांना एकमेकांचा जाच न होवो. घरोघरी चूल पेटती राहो, पंगतीला शेजारी असो आणि श्रीनारायण सर्वांना सुखरूप पैलतीरी पोचवो.