कस्तुराच्या ताटातलं कुलूप

"तर मग ही आता बोलायला लागली, असं म्हणायचं ना, अप्पा?"

शरयूबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. अप्पा चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"बोलते का, ते तिला विचार," ते म्हणाले.

अप्पांचं आयुष्य ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवण्यात गेलं होतं. आता ते परांड्याबाहेर एका मळ्यात एकटे राहत. शरयूबाई हे शिकवणं त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. आज त्या आपल्याकडे शिकणाऱ्या सहा वर्षांच्या कस्तुराला घेऊन आल्या होत्या. दोन्ही कानांमागे ऐकण्याची यंत्रं, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या. तिचा बाप, रघू डोईफोडे, दाराशी टोपी हातात फिरवत बसला होता.

शरयूबाईंनी कोपऱ्यातला तांब्या उचलला आणि आपल्या हनुवटीजवळ धरला. वस्तू ओठांजवळ धरायची, म्हणजे मुलाला वस्तू आणि शब्द एकत्र दिसतात, हे त्यांना अप्पांनीच शिकवलं होतं.

"हे काय?"

"तांब्या," कस्तुरा म्हणाली.

"हे काय?"

"पणती."

"हे काय?"

"बटाटा."

शरयूबाईंचा चेहरा उजळला. "ऐकलंत? 'प' आणि 'ब' ओठांवर सारखेच दिसतात. भले भले चुकतात. ही चुकत नाही. गावात हिला मुकी म्हणायचे, अप्पा. माझ्या तोंडावर म्हणायचे, बाई, दगडापुढे कशाला घसा फोडता?"

"मग?"

"सोमवारी गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक हिला बघणार आहेत. साबळे मास्तर. बोलत असेल तर घेतो म्हणाले. नाहीतर सोलापूरला, मुक्या-बहिऱ्यांच्या वसतिगृहात. ते तुमचा शब्द मोडणार नाहीत. तुम्ही एवढंच सांगा, की पोरगी तयार आहे."

दाराशी रघूच्या हातातली टोपी थांबली.

"हिची माय तिकडं पाठवायला तयार नाही," तो म्हणाला. "मीबी नाही."

अप्पांनी भाकरी उलटली.

"शरयू, हिला काही हवं असलं तर ही काय म्हणते?"

शरयूबाई हसल्या. "मागायची वेळच येऊ देत नाही मी. हिची नजर वळली की मला कळतं, तहान लागली का भूक. इतकी ओळखते मी हिला!"

"आणि तू काही विचारायच्या आधी हिनं तुला काही विचारलं, असं कधी झालंय?"

शरयूबाईंनी हातातला बटाटा परत जागेवर ठेवला.

"बरं," अप्पा म्हणाले. "जेवायला बसा."

त्यांनी ताटं मांडली. रघूच्या ताटात भाकरी, पिठलं आणि कांदा. शरयूबाईंच्या ताटात तेच. स्वतःच्याही. मग ते उठले, कोनाड्यातलं दाराचं कुलूप काढलं आणि कस्तुराच्या ताटात ठेवलं.

कुलूप ठण्णकन वाजलं. कस्तुरानं ताटाकडे पाहिलं. मग शरयूबाईंकडे.

शरयूबाईंचं तोंड उघडलं तसा अप्पांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"तिच्याकडे बघू नकोस. भिंतीकडे बघ."

"अप्पा, पोर सकाळपासून उपाशी आहे!"

"भिंतीकडे."

शरयूबाईंनी मान वळवली. अप्पा पिठलं ओरपू लागले. रघूचा घास हातातच राहिला.

कस्तुरानं अप्पांच्या ताटाकडे पाहिलं. बापाच्या ताटाकडे पाहिलं. आपल्या ताटातलं कुलूप बोटानं ढकललं. तिची हनुवटी थरथरली.

"रडेल ती," भिंतीकडे बघत शरयूबाई पुटपुटल्या.

"रडू दे. तेही तिचंच बोलणं."

...

कस्तुरा रडली नाही. तिनं कुलूप दोन्ही हातांनी उचललं, नीट आपल्या हनुवटीजवळ धरलं, आणि अप्पांकडे रोखून पाहत, अगदी शरयूबाईंच्याच सुरात विचारलं,

"हे काय?"

शरयूबाईंची भिंतीकडे वळलेली मान गर्रकन फिरली.

अप्पा शहाण्या विद्यार्थ्यासारखे ताठ बसले. "कुलूप," ते म्हणाले.

"कुलूप नको," कस्तुरा म्हणाली. "भाकरी."

"कुलूप चांगलं लागतं. खाऊन बघ."

कस्तुरानं कुलूप जमिनीवर आपटलं. मग कमरेवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"अप्पा येडा!"



शरयूबाईंचे कान लाल झाले. "अप्पा, माफ करा... हा शब्द मी शिकवलेला नाही. खरंच सांगते, माझ्या शिकवण्यात हा कुठंच नाही."

"मग कुणी शिकवला?"

दाराकडून रघूचा आवाज आला.

"ते... हिची माय मला म्हणती, अप्पा."

"हिच्यासमोर?"

"न्हाई, न्हाई. ही तिकडं खेळत असती. ती आत, चुलीपाशी..."

तो बोलता बोलता थांबला. लेकीकडे पाहू लागला. खेळता खेळता, पाठमोरी असताना, कुणी समोर धरून न दाखवलेला शब्द तिनं उचलला होता, हे आत्ता त्याच्या ध्यानात येत होतं. त्यानं टोपी डोक्यावर चढवली, परत काढली, परत चढवली.

"माझी पोरगी," तो म्हणाला.

अप्पांनी टोपल्यातली सगळ्यात फुगलेली भाकरी कस्तुराच्या ताटात वाढली, पिठल्यावर तेल सोडलं. ती खाऊ लागली.

शरयूबाईंनी वाकून कुलूप उचललं, पदरानं पुसलं. या वेळी त्यांनी ते ओठांजवळ धरलं नाही. मांडीवर ठेवलं.

"मग सोमवारी साबळे मास्तरांना काय सांगू, अप्पा?"

अप्पांनी ताटात पाणी घेऊन हात धुतला.

"सांग, उत्तरं तुम्ही तयार ठेवा."